लोखंड कोणाचं?

कंपनीने सरांना फसवलं आणि सरांनी मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सरांबद्दल दोन चांगले शब्द लिहायची वेळ येणार आहे आणि तेव्हा मी तक्रार मागे घेतली असं कोणाला वाटायला नको. कंपनीने खोटं बोलून फसवलं. ते मला समजतं, मीही धंदेवाला आहे. सरांनी मात्र मला फसवलं ते खरं बोलून, आणि तेही सौदा पटायच्या अगदी बेतात आलेला असताना. अशा माणसाचं काय करायचं, हे भंगाराच्या धंद्यात केस पांढरे होऊनही मला कळलेलं नाही.

मी नांदगावहून नाशिकला आलो तो एक तराजू, थोडी पोती आणि एक चुंबक घेऊन. सातपूरच्या कारखान्यांतून निघणारं भंगार घ्यायचं, निवडायचं, विकायचं. भंगारवाल्याचं चुंबक म्हणजे डॉक्टरचा स्टेथोस्कोप. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, म्हणजे त्या दिवशी घरी मटण. माल ठेवायला जागा हवी होती. कोणीतरी सांगितलं की कॉलनीत एका केमिस्टच्या घरामागे पत्र्याची शेड रिकामी आहे, पण माणूस जरा तऱ्हेवाईक आहे. मी म्हटलं, मला भाड्याशी मतलब.

दार उघडलं ते एका सडपातळ, चष्मेवाल्या गृहस्थाने. मी नमस्कार करून शेडचं काढलं, तर ते जवळ आले आणि त्यांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली.

"फिकट आहे," ते म्हणाले. "लोखंड कमी आहे तुझ्यात."

"अहो, मी लोखंडाचाच धंदा करतो."

"धंदा कर. थोडं खात पण जा."

मग भाडं. त्यांनी आकडा सांगितला, मी सवयीने निम्म्यावर आणला आणि पुढच्या खडाजंगीसाठी बाह्या सरसावल्या. ते म्हणाले, "बरं." एवढंच. मला तो अपमान वाटला. समोरच्याने दोनदा तरी नाही म्हणावं, कपाळाला हात लावावा, बायकोला हाक मारून 'बघ, हा काय म्हणतो' असं म्हणावं, ही रीत आहे. हा माणूस लगेच बरं म्हणतो, याचा अर्थ आणखी कमीतही झालं असतं. हे दुःख मी पुढे कित्येक वर्षं सांभाळलं. सरांशी सौदा करणं म्हणजे उघड्या दारावर धडक मारणं. आपणच आत तोंडघशी पडतो.

सगळी कॉलनी त्यांना सर म्हणायची, पण त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. शिकवायचे ते आम्हाला, फुकट आणि न विचारता. त्यांच्या डोक्यात एकच विषय होता, लोखंड. घरात स्टीलची कढई आणायला बंदी. पालक असो, मेथी असो, लोखंडी कढईत करायची आणि वरून लिंबू पिळायचं, म्हणजे भाजी डांबरासारखी काळी होते. ते पुण्य काकूंच्या पदरात. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या एकदा मला म्हणाल्या, "लग्नात मला वाटलं, रंगाने गोरा नवरा मिळाला. मला काय माहीत, सगळा काळेपणा जेवणात येणार आहे." नळाचं पाणी सर जिभेवर घोळवून सांगायचे, "आज लोखंड जास्त आहे, कुठेतरी पाइप गंजलाय." मिसळ खायला गेले की पहिला प्रश्न, रस्सा कशात उकळलाय? मालकाने एकदा वैतागून सांगितलं, "काका, घमेल्यात." सरांनी त्या दिवशी दोन वाट्या रस्सा जास्त मागून घेतला.

पापणीतून कोणी सुटलं नाही. भाजीवाली, पोस्टमन, मीटर बघायला येणारा, सगळ्यांच्या पापण्या खाली. ऑगस्ट महिना लागला की बायका पोरांचे पांढरे गणवेश घेऊन दारात यायच्या, कारण तारेवर वाळत टाकलेल्या सदऱ्यांवर गंजाचे डाग पडलेले असायचे. सर ते एका पांढऱ्या पावडरीच्या पाण्यात बुडवायचे आणि डाग जायचा. पैसे घ्यायचे नाहीत, पण डाग निघेपर्यंत प्रत्येकीला लोखंडावर भाषण ऐकावं लागायचं. माझ्या मते त्यापेक्षा नवा सदरा स्वस्त पडला असता.

नोकरी त्यांची एका कारखान्यात होती. नाव घेत नाही. तिथे गाड्यांचे ब्रेक लायनर आणि बॉयलरच्या सांध्यांत भरायची दोरी तयार व्हायची. कच्चा माल ॲस्बेस्टॉस. ज्याला माहीत नाही त्याने असं समजावं की हा दगडातून निघणारा कापूस आहे. पिंजता येतो, विणता येतो, फक्त जळत नाही. त्याच्या धाग्याचा चुरा डोळ्याला दिसत नाही, पण नाकावाटे छातीत जातो आणि तिथे बसतो. सर तिथल्या प्रयोगशाळेत होते. आलेली पोती तपासायची आणि कुठला धागा कशाला वापरायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम.

या कापसाचे रंग असतात. पांढरा, तपकिरी, निळा. सरांनी मला ते सगळं माझ्याच चुंबकाने शिकवलं. निळ्या धाग्याचा एक पुंजका काचेच्या बंद बाटलीत घालून आणला आणि म्हणाले, "लाव तुझं चुंबक."

लावलं. बाटलीतला धागा ढिम्म हलला नाही.

"लोखंड नाही यात," मी छातीठोकपणे म्हणालो.

"लोखंडाने भरलाय," सर म्हणाले. "त्याच्या हाडातच आहे ते. तुझं चुंबक भोळं आहे रे. उघड्यावरचं लोखंड तेवढं ओळखतं."

मग त्यांनी सांगितलं. निळ्यात आणि तपकिरीत लोखंड भरपूर, पांढऱ्यात नावापुरतं. धागा छातीत गेला की शरीराच्या पेशी त्याला मारायला एक जहाल द्रव्य सोडतात. जखमेवर ओततो ते फसफसणारं औषध असतं ना, त्याचाच भाऊ. धाग्याच्या अंगावर लोखंड असेल तर ते या द्रव्यातून ठिणग्या उडवतं. खऱ्या आगीच्या नव्हेत, पण पेशीच्या आतली सगळी शिवण उसवणाऱ्या. आणि धागा विरघळत नाही, त्यामुळे ठिणग्या वर्षानुवर्षं उडत राहतात. "लोखंड वाईट नाही," ते म्हणायचे. "ते कुठे बसलंय यावर सगळं आहे. कढईत बसलं तर भाजी, रक्तात बसलं तर जीव. छातीतल्या सुईवर बसलं तर संपलं."

या एका गोष्टीसाठी ते शेठशी भांडले. शेठ म्हणजे कारखान्याचा मालक. पिंपळगावला त्याचा द्राक्षांचा मळा होता, त्यामुळे ऑफिसात कायम द्राक्षांची बशी आणि बोलण्यात कायम साखर. सरांनी त्याच्या मागे लागून लागून निळा धागा बंद करवला. शेठनेही मोठ्या मनाने ऐकलं. निळा माल बाजारात मिळणंच तेव्हा मुश्किल होत चाललं होतं, हे गोडाऊनवाल्याने मला आधीच सांगितलं होतं. पण मन मोठं ते मोठंच. सरांचा सत्कार झाला. शाल, नारळ, सोबत शेठचं भाषण. आणि गेटवर एक भला मोठा पत्र्याचा बोर्ड लागला: 'येथे फक्त पांढरा, लोहविरहित धागा वापरला जातो. निर्धास्त काम करा.' खाली सरांचं नाव, पदवीसकट.

सर तो बोर्ड बघायला काकूंना घेऊन गेले, मलाही नेलं. काकू म्हणाल्या, "नाव तेवढं मोठं काढलंय." सर लाजले. मी त्यांना एवढं खूश फक्त एकदाच पाहिलं, आणि ते या पत्र्यापुढे.

त्यानंतर शेठने पिंजण खात्यातले हवा ओढणारे मोठे पंखे बंद केले. लोखंड गेलं, मग वीज कशाला जाळायची? तोंडाला बांधायच्या पट्ट्याही देणं बंद. पिंजण खात्यात बहुतेक पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसं होती, तिथे काम सर्वांत धुळीचं. त्यांना समजावून सांगायला सरांनाच उभं केलं. सरांनी सांगितलं, निळा गेला, आता घाबरू नका, पांढरा बाधत नाही. ते मनापासून सांगत होते. म्हणून तर शेठने त्यांना निवडलं. मी माल घेताना खोटं बोलणारा दलाल शंभरदा ओळखतो. मनापासून बोलणाऱ्या दलालापुढे माझी डाळ शिजत नाही.

काही वर्षं अशी गेली. मग सर रजा घेऊन मुंबईला कुठल्याशा लायब्ररीत जाऊन आले आणि परतले ते तोंड उतरवून. जेवेनात. काकूंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही विचारा, मला नुसतं 'लोखंड' एवढंच सांगतात."

विचारलं. म्हणाले, "परदेशात काही खेडी आहेत. तिथले लोक एका मऊ दगडात घरं कोरून राहतात. त्या दगडातही धागे आहेत, पण त्यात लोखंड जवळजवळ नाही. आणि तरी माणसं छातीच्या त्याच रोगाने जातायत. घरंच्या घरं."

"मग तुमचा सिद्धांत गेला," मी म्हणालो.

"सिद्धांत नाही गेला रे. लोखंड लागतंच. पण मग ते आलं कुठून?"

हे त्यांनी मला विचारलं, जसं काही मी चोरून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हिराकस आणायला लावलं. हिराकस म्हणजे द्राक्षवाले वेल पिवळी पडली की देतात ती हिरवट खडी. त्यात लोखंड असतं. सरांनी पांढऱ्या दोरीचा एक तुकडा घेतला, जखमेचं औषध त्यावर ओतलं. फारसं काही नाही. मग दुसरा तुकडा हिराकसच्या पाण्यात भिजत टाकला, आणि काकूंच्या कोथिंबिरीच्या वड्या ज्या डब्यात असायच्या त्यात झाकून ठेवला. वड्या बशीत आल्या. काही दिवसांनी तुकडा काढून पुन्हा पुन्हा धुतला, इतका की मोरीतला नळ बंद करायला काकूंना ओरडावं लागलं. आणि त्यावर औषध ओतलं. पेला फसाफसा उतू गेला. बाहेरून हात लावला तर कोमट.

"धुतलं तरी गेलं नाही," सर म्हणाले. "पांढऱ्याने लोखंड उचललं आणि धरून ठेवलं. निळा घरून डबा घेऊन येतो. पांढरा इथे येऊन जेवतो."

"इथे म्हणजे?"

त्यांनी माझ्या छातीवर बोट ठेवलं. मग स्वतःच्या.

तो पेला घेऊन ते शेठकडे गेले. मीही गेलो, कारण त्या दिवशी माझं तिथे भंगार उचलायचं होतं आणि तमाशा फुकट होता. सरांनी टेबलावर पेला फसफसवला. शेठने कौतुकाने पाहिलं, द्राक्षं पुढे केली आणि विचारलं, "सर, हे हिराकस आपल्या कुठल्या खात्यात वापरतात?"

"कुठल्याच नाही."

"मग मिटलं! आजपासून गेटच्या आत हिराकस आणायचं नाही. वॉचमनला सांगतो."

"शेठ, हिराकस उदाहरण झालं. लोखंड माणसाच्या अंगात असतं, रक्तात, मांसात. धागा आत गेला की तिथून उचलतो. बोर्ड काढा. पंखे चालू करा. पट्ट्या द्या."

"सर," शेठ म्हणाला, "माणसाच्या अंगातल्या लोखंडाला मी काय करणार? ते काय मी दिलंय?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. सौद्यात समोरचा पहिल्यांदा जे सहज बोलून जातो, तोच त्याचा शेवटचा भाव असतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

सरांचं काम सुटलं. शेठ म्हणाला, आता आराम करा. सर आराम करायला रोज शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोर जाऊन उभे राहायचे. माझी जुनी स्कूटर स्टँडवर लावायची, सीटवर पेला ठेवायचा, दोरी, हिराकस, औषध. वर त्यांच्याच नावाचा बोर्ड, 'निर्धास्त काम करा', आणि खाली तेच सांगतायत की निर्धास्त राहू नका, तोंडाला ओला फडका बांधा. लोक जमायचे. भोंगा झाला की सायकली थांबायच्या, कोणी म्हणायचं, "गारुडी आला रे." पेला उतू गेला की टाळ्या. वॉचमन यायचा, तोही आधी फेस बघून घ्यायचा आणि मग हाकलायचा.

एके दिवशी पिंजण खात्यातली एक बाई पुढे आली. अंगावर केसांपासून पायांपर्यंत पांढरं. हसत नव्हती. म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं व्हतं ना, पांढरं बाधत नाय म्हून? आम्ही तुमच्यावर इस्वास ठेवला. शेठवर नव्हता ठेवला."

सरांनी सवयीने हात पुढे केला, तिची पापणी खाली ओढली, बघितली आणि तसाच हात धरून उभे राहिले. ती म्हणाली, "काय झालं?" सर म्हणाले, "काही नाही. फिकट आहे." मी पेला ओतून दिला आणि त्यांना स्कूटरवर बसवून घरी आणलं. वाटेत मी शिव्या दिल्या, त्या कोणाला ते मलाही सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून सरांना एकच गोष्ट हवी होती. तो बोर्ड खाली यावा आणि पिंजण खात्यातल्या माणसांना कंपनीने स्वतःच्या तोंडाने सांगावं की पांढराही बाधतो. बाकी काही नको. त्यांच्यासारख्याकडून तशी मागणी येणं साहजिक होतं; ज्यात स्वतःला काहीही मिळणार नाही, अशीच वस्तू हा माणूस मागायचा.

खोकला सुरू झाला होताच. सरांनी डॉक्टरआधी स्वतःलाच तपासलं. कुठल्याशा कॉलेजातून सूक्ष्मदर्शक मागून आणला, खाली स्वतःचा बेडका ठेवला आणि मला हाक मारली. आवाजात असा आनंद की मला वाटलं लॉटरी लागली.

"बघ, बघ लवकर!"

बघितलं. आत एक सोनेरी तपकिरी कांडी होती. दोन्ही टोकं फुगलेली, मधे मण्यांसारख्या गाठी. खरं सांगायचं तर दिसायला दागिना होता.

"मधला धागा पांढरा आहे. वरचं सगळं लोखंड," सर म्हणाले. "शरीराला धागा मोडता येत नाही, मग ते त्याच्यावर लोखंडाचा लेप चढवतं. झाकून टाकतं. बिचारं चांगल्यासाठीच करतं रे. पाहुण्याला शाल पांघरावी तसं."

"आणि मग गप्प बसतो पाहुणा?"

"काही बसतात. काहींना ठिणग्या पाडायला तेच लोखंड मिळतं." ते पुन्हा भिंगातून बघू लागले. "पण सुंदर आहे ना?"

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं सुंदर आहे तर फोटो काढून भिंतीला लावा," आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तेव्हा मी ठरवलं की हा सौदा आता मी करणार. भरपाईसाठी सरकारी कचेरीत जाऊन आलो होतो. तिथे म्हणाले कंपनीच्या डॉक्टरचं मत आणा. म्हणजे चोराकडून चोरीचा दाखला. पण माझ्या हातात हुकमाचा एक पत्ता होता. शेठला कारखान्याची जागा विकायची होती, हे त्याच्याच गोडाऊनमधून मला कळलं होतं, आणि गेटसमोर आरडाओरडा झालेला त्या वेळी त्याला परवडणार नव्हता. मी निरोप पाठवला, बसू या. तो हो म्हणाला.

निघण्याआधी मी सरांना पढवलं. "आज तुम्ही फक्त खोकायचं. बोलायचं मी."

"मुद्दाम खोकू?"

"मुद्दाम कशाला? येतोच ना तुम्हाला. फक्त दाबू नका."

काकू म्हणाल्या, "आणि कोणाची पापणी बघू नका."

ऑफिसात शेठ होता, कूलर होता, द्राक्षं होती आणि कंपनीचा डॉक्टर होता. टाय लावलेला, मऊ बोलणारा. सरांच्या त्या कांडीचा फोटो मी निरोपासोबत पाठवला होता, तो त्याच्यापुढे होता. सर बसल्या बसल्या शेठकडे झुकले आणि म्हणाले, "तुम्ही जरा फिकट दिसता." मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

मग मी सुरू झालो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला सौदा होता, हे आजही सांगतो. पहिली मागणी मी केलीच नाही, त्याच्याकडून करून घेतली. एकदा रागाने उठलो. खरा राग होता, त्यामुळे खुर्ची पडली. शेठ म्हणाला, बसा हो. दुसऱ्यांदा उठून दारापर्यंत गेलो आणि दाराला हात लावून थांबलो. शेठ म्हणाला, "काय पाहिजे ते बोला तर खरं." आलो, बसलो. हळूहळू एकेक कबूल करत आणलं. सरांचं आयुष्यभराचं औषधपाणी. पिंजण खात्यातल्या सगळ्यांची छातीची तपासणी. पंखे चालू, पट्ट्या चालू. बोर्डावर तो अडला होता. "बोर्ड काढला की लोक विचारतील का काढला," म्हणत होता. मी म्हटलं, रंगवायला काढा आणि परत लावू नका. तो हसला. डोळ्यांत मला दिसलं की झालं, आता फक्त चहा यायचा बाकी आहे.

तेवढ्यात तो डॉक्टर मऊ आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः केमिस्ट. जाणकाराचं मत ऐकायला आवडेल. या कांडीवरचं लोखंड आमच्या मालातून आलं, असं तुमचं म्हणणं आहे?"

इतकी वर्षं त्या इमारतीत सरांना कोणी त्यांचं मत आवडेल असं म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. मी पाय दाबला. मी पाय तुडवला.

"छे छे!" सर म्हणाले. "तुमच्या मालात लोखंड कुठाय? ते तर माझं आहे. शरीर चढवतं ते. फार गमतीची प्रक्रिया आहे—"

"म्हणजे लोखंड कंपनीचं नाही," डॉक्टर म्हणाला.

"अजिबात नाही."

"आणि रोगाचं कारण लोखंड, हे तर तुम्हीच गेटवर लिहून ठेवलंय. तुमच्या नावाने." त्याने शेठकडे पाहिलं. "कंपनीच्या मालात लोखंड नाही. यांच्या छातीत लोखंड आहे. हे दोन्ही सर स्वतःच म्हणतायत."

सर म्हणाले, "हो, पण लोखंड माझं असलं तरी ते ज्याच्यावर चढलं तो धागा कोणाचा, ते विचारा ना. धागा नसता तर—" आणि तेव्हा त्यांना खोकला आला. मी पढवूनही इतका वेळ आला नव्हता, तो तेव्हा आला, आणि थांबेना. तो थांबेपर्यंत डॉक्टरने बॅग मिटली होती आणि शेठ उभा राहून म्हणत होता, "सरांना पाणी द्या रे. आणि जाताना थोडी द्राक्षं न्या घरी."

मी द्राक्षांची बशी भिंतीवर मारली. त्याने सौदा होत नाही, माहीत आहे. पण हातात दुसरं काही नव्हतं.

परत येताना सातपूरच्या सिग्नलला मी स्कूटर थांबवली आणि मागे वळून विचारलं, "सर, गप्प बसायला तुमचं काय जात होतं?"

"अरे, पण ते खरं होतं."

"खरं होतं म्हणून काय लगेच सांगायचं? सगळं पटलं होतं! बोर्डसुद्धा!"

"त्यांनी लोखंडाबद्दल विचारलं," सर अगदी शांतपणे म्हणाले. "मी लोखंडाबद्दल एकदा चुकीचं सांगितलंय लोकांना. पुन्हा नाही सांगणार."

मागचे भोंगे वाजवत होते. मी गाडी काढली. यालाच मी फसवणं म्हणतो. मला कामाला लावायचं, जीव तोडून सौदा करायला लावायचा, आणि शेवटी स्वतःच्या मनाला जे पटतं तेच करायचं. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सर, खरं उद्या सांगा. चहा झाल्यावर सांगा.

त्यानंतर ते फार दिवस गेटवर गेले नाहीत, कारण स्कूटरवर बसवेना. शेवटी शेवटी काकू रोज सकाळी त्यांची पापणी बघायच्या आणि सोडून द्यायच्या. सर गेले तेव्हा गेटवरचा बोर्ड तसाच होता. पिंजण खात्यातली माणसं त्याच्या खालूनच आत जात होती. ती बाईही जात होती, मग एक दिवस जाईनाशी झाली. गावाकडे जाऊन वारली म्हणतात. कशाने गेली ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं असतं की लोखंडाने, आणि लोखंड तिचंच होतं.

कारखाना बंद झाला, जागा विकली गेली. भंगाराच्या लिलावात मीही होतो. बाकीचे मशिनरीवर बोली लावत होते, मी मोडक्या पत्र्याच्या ढिगावर. कोणाला कळेना की हा एवढा पक्का माणूस त्या कचऱ्याला का झोंबलाय. त्या ढिगात बोर्ड होता. तो आता माझ्या शेडमध्ये, सरांच्याच शेडमध्ये, भिंतीला टेकवलेला आहे. माझं चुंबक त्याला कडकडून चिकटतं. 'लोहविरहित' या शब्दाखालून गंज वर आलाय. खालचं नाव मात्र अजून नीट वाचता येतं, आणि मला ते सहन होत नाही, कारण त्या बोर्डावर नाव असायला हवं होतं दुसऱ्याचं. काकू म्हणतात, विकून टाका, जागा अडते. माझ्या शेडमध्ये आलेली वस्तू मी आजवर विकल्याशिवाय ठेवलेली नाही. ही ठेवली आहे.

शेठ, तुम्ही पिंपळगावच्या मळ्यात असता, हे मला माहीत आहे. डॉक्टरसाहेब, तुमचा दवाखाना चांगला चालतो, तेही माहीत आहे. दोघांनी या. बसायला खुर्च्या देईन, चहा देईन, उठून दारापर्यंत जाणार नाही, खुर्ची पाडणार नाही. औषधपाण्याचं काढणार नाही, ज्याला लागत होतं तो आता नाही. लोखंड सरांचं होतं, मान्य. त्यांनी माझ्यादेखत कबूल केलं. त्यांचा प्रश्न तेव्हा खोकल्यात बुडाला म्हणून तुम्ही सुटलात. तोच मी विचारतो, आणि मला खोकला नाही. या बोर्डासमोर उभं राहून एकदा तोंडाने सांगा: धागा कोणाचा होता?